गवताखालचे गाव: इंग्लंडमधील ओसाड मध्ययुगीन खेड्याचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडच्या ग्रामीण भागात पायी हिंडताना एखाद्या कुरणातील जमीन उगाचच खालीवर झालेली दिसते. मधून एक लांब खोलगट वाट गेलेली असते, तिच्या दोन्ही अंगांना चौकोनी सपाट उंचवटे असतात, थोड्या अंतरावर एखादे चर्च एकटेच उभे असते आणि या सगळ्यावर मेंढ्या निवांत चरत असतात. मध्ययुगात नांदती असलेली आणि पुढे माणसांविना पडलेली अशी सुमारे ३,००० गावे इंग्लंडमध्ये आजवर नोंदली गेली आहेत. जुन्या मराठी दफ्तरांत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणत, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. हा शब्द या गावांनाही चपखल लागू पडतो.

अशा गावाचा इतिहास विचारला, तर बहुतेक जण एका वाक्यात मोकळे होतात: प्लेग, म्हणजे १३४८–४९ ची महासाथ, आला आणि गाव मेले. हे वाक्य तपासून कसे पाहावे, हे सांगण्यासाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. बहुसंख्य गावांच्या बाबतीत ते चुकीचे ठरते. गाव कधी मेले, असे विचारण्याऐवजी ते कोणत्या काळापासून कोणत्या काळापर्यंत रिकामे होत गेले आणि रिकाम्या झालेल्या जमिनीचा धनी कोण झाला, असे विचारले, तर जमीन आणि कागद हे दोन्ही साक्षीदार बोलू लागतात. त्यांच्या जबान्या नेहमीच जुळतात असे नाही आणि खरे काम तिथूनच सुरू होते.

घरबसल्या करायची तयारी

प्रत्यक्ष शेतात जाण्यापूर्वी त्या जागेविषयी आधी काय नोंदले गेले आहे ते पाहावे. इंग्लंडमधील प्रत्येक भागासाठी ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्ड’ नावाचे नोंदणी-दफ्तर असते आणि त्यात लहानसहान उंचवट्यापासून संपूर्ण गावठाणापर्यंत सगळ्याची नोंद ठेवलेली असते. कायद्याने संरक्षित केलेल्या स्थळांची यादी ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ ही संस्था राखते. या दोन्ही नोंदी पाहिल्या नाहीत, तर दुसऱ्याने पन्नास वर्षांपूर्वी लावलेला शोध आपण मोठ्या उत्साहाने पुन्हा लावतो.

त्यानंतर नकाशे घ्यावेत. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेने एकोणिसाव्या शतकात एका मैलाला सहा इंच या प्रमाणावर काढलेले नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत. त्यांवर तीन गोष्टी शोधाव्यात. चार-पाच पायवाटा काहीच नसलेल्या ठिकाणी येऊन मिळतात का? गावाचे नाव एखाद्या एकट्या शेतघराने धरून ठेवले आहे का? आणि पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतील मुलखाला, स्वतःचे नाव व सीमा असूनही आत गाव नाही, असे आहे का? १८३६ च्या कायद्यानंतर दशांश कराच्या आकारणीसाठी जे ‘टाइद’ नकाशे तयार झाले, त्यांत एकेका शेताचे नाव आढळते. ‘ओल्ड टाउन’, ‘टाउन क्लोज’, ‘चॅपल फील्ड’ अशी नावे जिथे आहेत, तिथे लोक गाव विसरले, तरी शेत विसरलेले नाही.

एकट्या चर्चवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. नॉरफोकमध्ये शेतांच्या मधोमध अशी कितीतरी चर्चे दिसतात, परंतु तेथील अनेक गावे उजाड झाली नव्हती. अकराव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान तिथले लोक हळूहळू सामायिक गायरानांच्या कडेला सरकत गेले आणि चर्च मागे राहिले. गाव उठणे, गाव आक्रसणे आणि गाव सरकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवख्या अभ्यासकाची पहिली चूक बहुधा इथेच होते.

शेवटी वरून पाहावे. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने विमानातून लेसर किरणांनी मोजलेल्या जमिनीच्या उंचीची माहिती, म्हणजे लायडार, सर्वांसाठी खुली केली आहे. जिथे पायाखाली केवळ गवत जाणवते, तिथे या चित्रात घरांच्या ओळी आणि गल्ल्या उमटतात. त्यापूर्वीच्या पिढीने हेच काम विमानातून काढलेल्या छायाचित्रांवर केले. लिंकनशरमधील गेन्सथॉर्प या गावठाणाचे १९२५ मध्ये पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी मिळवलेले हवाई छायाचित्र या अभ्यासाच्या आरंभीच्या ठळक खुणांपैकी एक आहे. त्याच गेन्सथॉर्पला १६९७ मध्ये अब्राहम दे ला प्राइम नावाचा पाद्री गेला होता. हे चोरांचे गाव होते आणि जाचाला कंटाळलेल्या पंचक्रोशीने एकजूट करून ते पाडून टाकले, अशी दंतकथा त्याला तेथील लोकांनी सांगितली. त्याने ती लिहून ठेवली, पण स्वतःचा कयास वेगळा नोंदवला: गावाला काळाने, दारिद्र्याने आणि कुरणांनी खाल्ले. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या पाद्र्याचे अनुमान आजच्या अनेक माहितीफलकांपेक्षा सत्याच्या जवळ जाणारे आहे.

जमीन वाचणे

वेळ निवडण्यात चूक झाली, तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. लेस्टरशरमधील एका गावठाणावर मी पहिल्यांदा गेलो तो जुलै महिना होता, भर दुपार होती आणि गुडघाभर गवत होते. दोन तास फिरून मी ‘येथे काहीही दिसत नाही’ असे वहीत लिहिले आणि परतलो. त्याच जागी जानेवारीत, सूर्य मावळायला तासभर असताना पुन्हा गेलो, तेव्हा प्रत्येक उंचवट्याला लांब सावली फुटली होती आणि खोलगट भागांत सकाळचे दहिवर अजून पांढरे राहिले होते. तो जणू कोणी शाईने काढलेला आराखडाच होता. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हा काळ, गवत आखूड असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जावे. याला अपवाद कडक अवर्षणाच्या उन्हाळ्याचा आहे. २०१८ सारख्या कोरड्या वर्षी गाडलेल्या भिंतींवरचे गवत आधी करपते आणि वरून पाहिल्यास भिंतींच्या रेषा स्पष्ट दिसतात.

सुरुवात खोलगट वाटेपासून करावी. गावाची मुख्य गल्ली माणसांच्या पायांनी, जनावरांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी शतकानुशतके झिजत जाते, पावसाचे पाणी तिच्यातील माती वाहून नेते आणि ती पाणंद आजूबाजूच्या जमिनीपेक्षा मीटरभर किंवा त्याहून खोल होते. तिच्यात उभे राहिले की दोन्ही बाजूंची घरे कुठे असतील, हे आपोआप कळू लागते. पाणंदीला लागून जे सपाट चौकोन दिसतात ती घरांची जोती. प्रत्येक जोत्याभोवती अंगणाची जागा असते, तिला ‘टॉफ्ट’ म्हणतात. तिच्या मागे लांबट परस असते, त्याला ‘क्रॉफ्ट’ म्हणतात. दोन परसांच्या मधले बांध आजही पायाला लागतात. हे सगळे चौकोन एकाच रुंदीचे आणि एका रेषेत असतील, तर ते गाव आपोआप वाढलेले नसून कोणीतरी आखून वसवलेले असण्याची शक्यता मोठी.

जोत्यांवर खाजकुयलीसारखे चटका देणारे ‘नेटल’ झुडूप दाट वाढलेले दिसले, तर ते दुर्लक्षू नये. जिथे माणसे आणि गुरे दीर्घकाळ राहिली, तिथल्या मातीत शेणामुताने आणि राखेने फॉस्फेट साचते आणि ही वनस्पती त्यावर पोसते. अर्थात मेंढ्यांचा जुना वाडगाही हेच करतो, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. चिचुंदरीसारखा जमीन पोखरणारा ‘मोल’ नावाचा प्राणी इथे आपला मोठा सहायक आहे. त्याने उकरलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांत खापराचे तुकडे वर येतात. ते पाहावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि तुकडा होता तिथेच ठेवावा.

गावठाणाबाहेर पडले की सरी-वरंब्यांचे शेत लागते आणि माझ्या मते या सगळ्या अवशेषांत सर्वांत बोलका अवशेष हाच. मध्ययुगीन जड नांगराचा फाळ माती नेहमी एकाच, उजव्या, बाजूला उलटवत असे. नांगऱ्या पट्टीच्या मध्यापासून सुरू करून गोल फिरत गेला की वर्षानुवर्षे माती मध्याकडे जमत जाऊन रुंद वरंबा तयार होई आणि दोन वरंब्यांत सरी पडे. बैलांचा लांब जोडा, बहुधा आठ बैलांचा, पट्टीच्या टोकाशी एकदम वळवता येत नसे. म्हणून त्याला आधीपासूनच बाजूला घेत आणावे लागे आणि त्यामुळे वरंब्यांना उलट्या एस अक्षरासारखा हलका बाक येई. हा बाक आणि पाच ते दहा मीटरांची रुंदी दिसली, तर शेत मध्ययुगीन असण्याचा संभव फार मोठा. याउलट अरुंद आणि सुतासारखे सरळ वरंबे एकोणिसाव्या शतकातील वाफेच्या नांगराचे असू शकतात. हा फरक न समजल्यामुळे मी एकदा एका संपूर्ण शेताचा नकाशा ‘तेरावे शतक’ अशा शीर्षकाखाली काढला होता. एका वयस्क शेतकऱ्याने तो पाहून, त्या शेतात त्याच्या आजोबांच्या वेळी वाफेचे इंजिन आले होते, असे शांतपणे सांगितले.

आता खरी कसोटी म्हणजे कशावर काय चढले आहे ते पाहणे. घरांची जोती जुन्या वरंब्यांवर बसलेली असतील, तर गाव भरभराटीच्या काळात शेतावर पसरले होते. वरंबे जर परसांच्या बांधांना कापत जात असतील, तर गावाचा तो कोपरा आधीच उठला होता आणि उरलेल्या लोकांनी तिथे नांगर घातला होता. आणि संपूर्ण शेतावर वरंबे आजही शाबूत असतील, तर जमीन कुरण झाल्यापासून पुन्हा नांगरलीच गेलेली नाही. ज्या मेंढ्यांनी गाव उठवले, त्याच मेंढ्यांनी त्याचे ठसे जपून ठेवले.

चर्च उभे असेल, तर त्याच्या भिंतीही नीट पाहाव्यात. यॉर्कशरच्या वोल्ड्स टेकड्यांतील वॉरम पर्सी येथील सेंट मार्टिन चर्चच्या भिंतींत दगडांनी बुजवलेल्या कमानी दिसतात. लोकसंख्या वाढली तेव्हा चर्चला बाजूच्या ओवऱ्या जोडल्या गेल्या आणि माणसे घटल्यावर त्या पाडून कमानी चिणून टाकल्या गेल्या. कागदावर एकही आकडा नसता, तरी ती भिंत गावाची खानेसुमारी म्हणून पुरली असती.

मोजमापासाठी ५० मीटरची फीत, चार काठ्या, होकायंत्र आणि आलेखाचा कागद पुरे. मोबाइलमधील जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होऊ शकतो आणि जोत्याची रुंदीच पाच-सहा मीटर असते, तेव्हा त्याच्या भरवशावर आराखडा काढू नये. उंचवट्याचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे लहान त्रिकोणी रेघांनी दाखवण्याची पद्धत आहे. ती लवकर शिकता येते.

परवानगी आणि कायदा

सार्वजनिक पायवाटेवरून चालण्याचा हक्क असतो, पण वाट सोडून शेतात शिरण्यासाठी मालकाची परवानगी घ्यावी आणि मेंढ्या विण्याच्या हंगामात कुत्रा नेऊ नये. स्थळ संरक्षित यादीत असेल, तर १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय खणणे आणि धातुशोधक यंत्र फिरवणे हे दोन्ही गुन्हे आहेत. इतरत्र सोन्याचांदीसारखी वस्तू सापडली, तर १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली ती कळवणे बंधनकारक असते. हौशी माणसाने खणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उत्खनन म्हणजे पुस्तक वाचताना प्रत्येक पान जाळत जाण्यासारखे आहे.

कागद वाचणे

पहिला कागद बहुधा १०८६ चे डोम्सडे बुक, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या मिळकतींच्या पाहणीची नोंदवही, असते. त्यात गावाचे नाव, नांगर, कुरणे, गिरणी आणि कुटुंबप्रमुखांची संख्या मिळते. ही माणसांची एकूण संख्या नव्हे, हे लक्षात ठेवावे. अभ्यासक साधारणपणे तिला चार किंवा पाचने गुणतात. शिवाय नोंद ज्या नावाने आहे ते एकवटलेले गाव होते, असेही गृहीत धरता येत नाही. अनेकदा ती केवळ एका मिळकतीची नोंद असते. उत्तरेकडील नॉर्थम्बरलंड व डरहॅम हे प्रांत तर या पाहणीतच नव्हते.

त्यानंतरची मुख्य साखळी कराची आहे. १३१६ मध्ये देशभरातील गावांची आणि त्यांच्या धन्यांची एक यादी केली गेली. १३२७ आणि १३३२ च्या करयाद्यांत करदात्यांची नावे मिळतात, मात्र अगदी गरिबांना करातून सूट असल्याने ते तिथे नाहीत. १३३४ पासून प्रत्येक गावावर एक ठराविक रक्कम बसवली गेली आणि पुढे शतकभराहून अधिक काळ तीच रक्कम मागितली जात राहिली. म्हणून १४०० साली एखाद्या गावाच्या नावापुढे कर दिसतो यावरून तिथे माणसे होती, असे सिद्ध होत नाही. उपयोगी पडतात त्या सवलतींच्या नोंदी. प्लेगनंतर, १३५२ पासूनच्या काही वर्षांत, मजुरीच्या कायद्याखाली वसूल झालेल्या दंडातून अडचणीतील गावांना करात मदत दिली गेली. जिथे ती मोठी होती, तिथे काहीतरी गंभीर घडले होते. १४२८ च्या करातून दहापेक्षा कमी कुटुंबे असलेल्या पॅरिशना वगळले होते. तुमच्या गावाचे नाव त्या वगळलेल्यांत सापडले, तर तो क्षण साजरा करण्यासारखा आहे, कारण ऱ्हासाचा इतका नेमका आकडा क्वचितच मिळतो.

डोईपट्टीच्या याद्या मोहात पाडतात. १३७७ मध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येकाकडून चार पेनी घेतल्या गेल्या आणि ती यादी बरीच विश्वासार्ह मानली जाते. १३८१ मध्ये मात्र पट्टी तिपटीने वाढून एक शिलिंग झाली आणि गावोगावची डोकी एकाएकी कमी झाली. ती माणसे मेली नव्हती, लपली होती. त्याच वर्षी शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले हा योगायोग नाही. १३७७ आणि १३८१ च्या आकड्यांची वजाबाकी करून गाव चार वर्षांत निम्मे झाले, असे लिहिणारे अजून भेटतात.

गावाच्या आतला आवाज ऐकायचा, तर मॅनरची, म्हणजे जमीनदाराच्या कचेरीची, दफ्तरे पाहावीत. ती कुठे आहेत, हे लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जच्या ‘मॅनोरिअल डॉक्युमेंट्स रजिस्टर’वरून कळते. ती बहुतांशी लॅटिनमध्ये आहेत आणि १७३३ पर्यंत न्यायालयीन कागदांची भाषा तीच होती. भाषेला घाबरून मागे फिरू नये. ठरलेल्या साच्यातील पन्नास-साठ शब्द आले की नोंदी उलगडू लागतात. घर मोडकळीस येऊ दिले म्हणून कुळाला दंड झाल्याच्या नोंदी वाढू लागल्या, पुढे त्याच घरासाठी नवे कूळ मिळेना आणि शेवटी तीन-चार परसे एकाच माणसाच्या नावावर दिसू लागली, तर समजावे की धनी येण्याच्या आधीच गाव आतून रिकामे होऊ लागले होते. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मोठा जमीनदार वारला की त्याच्या मिळकतीची सरकारी चौकशी होई. ‘इतकी जमीन पडीक’, ‘गिरणी मोडलेली’ अशी वाक्ये त्या चौकशीच्या कागदांत सापडतात.

इथे तारखांचा सापळा आहे. कागदांवर बहुधा राजाच्या कारकिर्दीचे वर्ष दिलेले असते आणि १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे कागदावरचा फेब्रुवारी १४९४ हा आजच्या हिशेबाने फेब्रुवारी १४९५ ठरतो. बेदखलीचा आणि नव्या मालकाच्या खरेदीचा क्रम ठरवताना हे एक वर्ष संपूर्ण निष्कर्ष उलटवू शकते.

कारण ठरवताना

प्लेगचा थेट बळी ठरलेली गावे आहेत, पण थोडी. ऑक्सफर्डशरमधील टिल्गार्स्ली येथे १३५९ मध्ये करवसुलीला गेलेल्यांनी, १३५० पासून इथे कोणीच राहत नाही, असा अहवाल दिला. त्याच प्रांतातील टस्मोरच्या धन्याला, सगळी कुळे मेल्यामुळे ओस पडलेले गाव कुंपणात घेण्याची परवानगी १३५७ मध्ये मिळाली. प्लेगचे नाव घ्यायचे, तर पुरावा एवढा स्पष्ट हवा. १३४८–४९ च्या साथीनंतर दोन पिढ्या नांदलेल्या गावाच्या माथी तो मारू नये. मात्र प्लेगने घडवलेला दूरचा परिणाम खराच आहे. माणसे कमी झाली, मजुरी वाढली, धान्याला गिऱ्हाईक उरले नाही, चांगल्या जमिनी इतरत्र सहज मिळू लागल्याने हलक्या जमिनीवरची कुळे निघून गेली आणि एका मेंढपाळावर चालणारे लोकरीचे उत्पन्न धन्याला नांगरापेक्षा परवडू लागले.

बेदखलीचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे आठव्या हेन्री राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी याने १५१७ मध्ये नेमलेल्या चौकशीचे कागद. वॉरिकशरमधील स्ट्रेटन बास्करव्हिल या गावाबद्दल त्यांत जे आहे ते वाचून मन सुन्न होते. आधी थॉमस ट्वायफर्डने सात घरे मोडली. मग गाव हेन्री स्मिथच्या हाती आले आणि १४९० च्या दशकात त्याने बारा घरे आणि चार झोपड्या पाडून ६४० एकर जमीन कुरणात घातली. ऐंशी माणसे रडत गाव सोडून गेली आणि चर्च जनावरांच्या निवाऱ्याला लागले. पण हाच कागद फसवूही शकतो. चौकशीला १४८८ नंतरच्याच घटना विचारल्या होत्या. तुमच्या गावाचे नाव तिथे नाही याचा अर्थ तिथे बेदखली झाली नाही असा नसून, ती त्यापूर्वीच उरकली होती असाही असू शकतो. वॉरिकचा पाद्री जॉन राउस १४९२ च्या आसपास वारला आणि त्याने त्यापूर्वीच आपल्या परिसरातील जवळजवळ साठ उठवलेल्या गावांची यादी लिहून ठेवली होती. गावे मोडण्याविरुद्धचा १४८९ चा कायदाही बहुतेक ठिकाणी चोर गेल्यावर दाराला कुलूप घातल्यासारखा आला.

काही गावांची कारणे या काळाच्या दोन्ही बाजूंना पडतात. १७६० च्या दशकात लॉर्ड हार्कोर्टने आपल्या बागेच्या देखाव्यासाठी न्यूनम कोर्टनी हलवले. सिस्टर्शियन भिक्षूंनी बाराव्या शतकात एकांत हवा म्हणून बायलंडची वस्ती दुसरीकडे नेली. डार्टमूरच्या उंचीवरील हाउंड टॉरसारख्या वस्त्यांना थंड, ओल्या हवामानाने जेरीस आणले.

जमीन आणि कागद एकमेकांना कसे दुरुस्त करतात, हे वॉरम पर्सीइतके चांगले कुठेच दिसत नाही. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासकार १९४८ मध्ये तिथे प्रथम गेला आणि १९५० मध्ये त्याने खणायला सुरुवात केली. गवताखाली खरोखर घरे आहेत, एवढेच त्याला सिद्ध करायचे होते. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट त्याला मिळाला आणि स्वयंसेवकांच्या बळावर १९९० पर्यंत, चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात, उत्खनन चालू राहिले. आरंभी अरुंद चर खणण्याऐवजी संपूर्ण जोते एकदम उघडण्याची डेन्मार्कमधील पद्धत त्यांनी आणली, कारण चरात भिंत सापडते, पण घर सापडत नाही. शेतकऱ्यांची घरे कच्ची होती आणि दर पिढीला पुन्हा बांधावी लागत, असे त्यांना प्रथम वाटले. नंतरच्या अभ्यासात हे मत बदलले. वाकड्या लाकडी खांबांच्या जोड्यांवर छप्पर पेललेले असे आणि सांगाडा टिकवून केवळ भिंती दुरुस्त केल्या जात. प्लेगमुळे गाव संपले, या समजाचाही तिथे निकाल लागला. गाव प्लेगनंतर दीडशे वर्षे टिकले. १५१७ च्या चौकशीत हिल्टनच्या जहागीरदाराने चार नांगर बंद पाडले आणि चार घरे मोडू दिली, असे आढळले. म्हणजे १५०० च्या सुमारास उठवायला फार घरे उरलीच नव्हती. बाकीची त्यापूर्वीच एकेक करून गेली होती.

लिहिताना काय जपावे

गाव ओसाड झाल्याचे एकच वर्ष लिहू नये. माणसे नक्की होती याचा शेवटचा पुरावा आणि माणसे नक्की नव्हती याचा पहिला पुरावा, अशा दोन तारखा लिहाव्यात आणि मधला काळ मोकळा ठेवावा. १५२४–२५ च्या करयाद्या, १५६३ मधील बिशपांनी केलेली कुटुंबांची मोजणी आणि १६६२ पासूनचा चुलीवरचा कर, हे कागद दुसरी तारीख ठरवायला उपयोगी पडतात. धन्याचे नाव सापडले म्हणून तोच गुन्हेगार, असेही धरू नये. वॉरिकशरमधील वर्मलेटन गाव विल्यम कोपने रिकामे केले होते आणि जॉन स्पेन्सरने ते १५०६ मध्ये विकत घेतले. चौकशीत सापडल्यावर स्पेन्सरने, कुरण मी केले नाही, उलट मी घरे बांधली आणि झाडे लावली, असा बचाव मांडला. तो ऐकून घेऊन मगच त्याच्या मेंढ्या मोजाव्यात.

आराखडा, छायाचित्रे, ऑर्डनन्स सर्व्हेच्या ग्रिडमधील क्रमांक आणि कागदांची टिपणे यांची एक प्रत त्या भागाच्या हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट रेकॉर्डकडे पाठवावी. कोणत्या दिवशी, कोणत्या उजेडात आणि गवत किती उंच असताना पाहिले, हेही तिच्यावर लिहावे, म्हणजे पुढच्याला जुलैच्या दुपारी जाण्याचा हेलपाटा पडणार नाही.